टॉप १० वाले लेख अजून चालतात का? चालतात, पण क्रमामागचं कारण सांगता आलं तरच

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरगुती उपकरणं आणि स्वयंपाकघर या विषयावर मराठी ब्लॉग आहे, नेमाने लिहून बऱ्यापैकी वाचक जमलेत, आता अफिलिएटमधून, म्हणजे लेखातल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की मिळणाऱ्या कमिशनमधून, थोडी कमाई सुरू करायची आहे, आणि 'टॉप १० घरघंटी', 'सर्वोत्तम ५ मिक्सर' असे क्रमवारीचे लेख लिहावेत की नाही ते ठरत नाहीये. एक जण म्हणतो पैसे फक्त याच लेखांत आहेत, दुसरा म्हणतो गूगलने असले लेख कधीच मारले आणि उरलेले एआय खाऊन टाकणार. ताई, दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघंही अर्धंच सांगतायत. मी बरीच वर्षं कंटेंट आणि एसइओचंच (लेख गूगलमध्ये वर दिसावेत यासाठीचं) काम करतोय, मराठी साइट्सचंही आणि छोट्या दुकानदारांचंही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. क्रमवारीच्या लेखात वाचकाच्या कामाची गोष्ट एकच असते, तो क्रम आणि त्यामागचं कारण. नुसती यादी काय, अ‍ॅमेझॉनवर 'घरघंटी' टाकलं की समोर येते, फ्लिपकार्टवर येते, फोटोसकट येते. ही एक नंबरला का, ती चार नंबरला का, आणि माझ्या घरी रोज ज्वारीची भाकरी होते तर मी यातली कुठली घ्यावी, हे सांगणारं मात्र कोणी भेटत नाही. तेवढं तुम्हाला सांगता येत असेल तर बिनधास्त लिहा. तीन नंबर आणि चार नंबरची अदलाबदल केल्यावर लेखात काहीच बिघडत नसेल तर तो लेख लिहायचाच नाही, त्या वेळात दुसरं काहीतरी लिहा.

आता हे जरा उलगडून.

क्रमवारीची ओढ आपल्याकडे इंटरनेटच्या कितीतरी आधीपासूनची. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सयानींचा आवाज, आणि पुढं वर्षानुवर्षं बुधवारी रात्री लोक रेडिओला कान लावून बसायचे. गाणी तर ऐकलेलीच असायची, उत्सुकता असायची ती या आठवड्यात कुठलं गाणं कुठल्या पायदानावर चढलं याची. दुसऱ्या दिवशी त्यावर वाद व्हायचे. क्रम लावला की माणूस त्यात ओढला जातो, मनातल्या मनात आपला क्रम लावून बघतो, पटलं नाही तर भांडतो, आणि हे सगळं लिहिणाऱ्याच्या फायद्याचंच असतं.

दहा या आकड्याचंही खरंच काहीतरी आहे. २०१४ मध्ये मॅथ्यू आयझॅक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी यावर संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात दिसलं की लोक क्रमवारीचे डोक्यात गट पाडतात, पहिले दहा, पहिले वीस, पहिले पंचवीस असे, आणि त्यामुळे दहावा आणि अकरावा यांच्यातलं अंतर त्यांना नववा आणि दहावा यांच्यातल्या अंतरापेक्षा खूप मोठं वाटतं, प्रत्यक्षात ते तेवढंच असलं तरी. म्हणून शीर्षकात 'टॉप १०' दिसलं की बोट तिकडे जातं. पण यातून कोणी असं समजू नये की यादी दहाचीच हवी. घरघंटीत तुम्ही स्वतः वापरून, दुकानात बघून, ओळखीच्यांकडे विचारून खात्रीने सांगू शकाल अशी मॉडेल्स चारच असतील तर चारच घ्या. पुढची सहा भरतीची टाकली की वाचकाला ते दिसतं, कारण पहिल्या चारबद्दल तुम्ही भरभरून लिहिलेलं असतं आणि पाचव्यापासून नुसतं 'आकर्षक डिझाइन, उत्तम परफॉर्मन्स' सुरू होतं.

पैसे याच लेखांत असतात हे का म्हणतात ते समजून घ्या, म्हणजे लेख कुणासाठी लिहायचा ते कळेल. घरघंटीबद्दल लोक साधारण तीन प्रकारचे प्रश्न गूगलला विचारतात. पहिला, घरघंटी कशी वापरायची, कशी साफ करायची, जाळी कुठली लावायची. हा बहुतेक करून घेतलेल्या माणसाचा प्रश्न. दुसरा, घरघंटी कोणती घ्यावी. तिसरा, अमुक कंपनीच्या अमुक मॉडेलची किंमत काय. तिसऱ्यावाल्याचं ठरलेलं आहे, तो सरळ दुकानाच्या साइटवर जाणार, तुमच्याकडे फारसा थांबणार नाही. मधला जो आहे ना, त्याचं घ्यायचं पक्कं झालंय पण कुठली ते ठरलेलं नाही, घरात चर्चा चालू आहे, दिवाळी तोंडावर आहे, भाजणी घरीच दळायची आहे. क्रमवारीचा लेख या मधल्या माणसासाठी असतो. तो पाकीट उघडून बसलेला असतो म्हणून या लेखांतून विक्री होते, आणि म्हणूनच त्याला चुकीची वस्तू घ्यायला लावणं जास्त वाईट, कारण वीसेक हजारांच्या आसपासची वस्तू घरात एकदा आली की दहा-बारा वर्षं तीच राहते.

आता गूगलने असे लेख मारले हे कितपत खरं. फेब्रुवारी २०११ मध्ये पांडा अपडेट, म्हणजे गूगलच्या शोधाच्या पद्धतीतला एक मोठा बदल, आलं तेव्हा घाऊक भावात उथळ लेख पाडणाऱ्या साइट्स आपटल्या, त्यात याद्यांचे लेख खूप होते. मग एप्रिल २०२१ मध्ये प्रॉडक्ट रिव्ह्यूज अपडेट आलं, सुरुवात इंग्रजी लेखांपासून, आणि पुढे त्याच्या सूचनांत गूगलने सरळ सांगितलं की एखादी वस्तू 'सर्वोत्तम' म्हणत असाल तर का ते सांगा आणि स्वतः वापरल्याचा काहीतरी पुरावा द्या, आणि क्रमवारीची यादी करत असाल तर त्या यादीत स्वतःच्या पायावर उभं राहण्याइतका मजकूर असू द्या. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने आपल्या गुणवत्तेच्या निकषांत 'अनुभव' हा शब्द वाढवला, म्हणजे लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का. मार्च २०२४ मध्ये तर घाऊक पद्धतीने पाडलेल्या मजकुरावर आणि मोठ्या साइटच्या नावाखाली तिसऱ्याच कोणीतरी छापलेल्या मजकुरावर वेगळे नियम आले. हे सगळं नीट वाचलं तर कुठेही 'याद्या नकोत' असं नाही. अ‍ॅमेझॉनवरची स्पेसिफिकेशन्स उचलून, भाषा बदलून, खाली लिंक चिकटवलेल्या याद्या नकोत असं आहे. मराठीत अजून तशा याद्या वर दिसतात हे मान्य, कारण मराठीत चांगलं लिहिणारेच कमी आहेत आणि गूगलला दाखवायला दुसरं काही नसतं. पण त्याच कारणाने इथे प्रामाणिक लेखाला जागाही मोकळी आहे, इंग्रजीत तीच जागा मिळवायला दमछाक होईल.

एआयचं म्हणाल तर गूगलची एआयने लिहिलेली उत्तरं मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात आली, आणि 'घरघंटी म्हणजे काय' छाप लेखांचे क्लिक्स त्याने खाल्ले यात शंका नाही. पण एआयला तुम्ही 'कोणती चांगली' असं विचारून बघा, ते बहुतेक वेळा वेबवरच्या क्रमवारीच्या याद्या चाळूनच उत्तर जुळवतं. त्याच्याकडे घर नाही, त्याने भाकरी थापलेली नाही. त्यामुळे ज्या लेखात 'ज्वारी बारीक निघते पण बाजरीला जाळी बदलावी लागते' असं एखाद्याने बघून लिहिलेलं वाक्य आहे तोच लेख त्याच्याही कामाचा. क्लिक कमी येतील, हे खरंच आहे, पण जे येतील ते ठरवायला आलेले असतील.

घरघंटीचंच उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण निकष कसे काढायचे हेच लोकांना अडतं. बहुतेक जण निकष कंपनीच्या कागदावरून उचलतात: मोटर किती एचपी, वजन किती, बॉडी कसली, वॉरंटी किती. आता घरगुती घरघंट्यांत मोटर बहुतेक एक एचपीचीच असते, म्हणजे साधारण ७४६ वॉट, म्हणजे तासभर चालली तर ढोबळमानाने पाऊण युनिट किंवा थोडी जास्त वीज. मग सगळ्यांच्या पुढे 'एक एचपी पॉवरफुल मोटर' लिहून वाचकाला काय कळलं? जे सगळ्यांत सारखं आहे ते लेखाच्या सुरुवातीला एकदाच सांगून टाकायचं आणि क्रमातून काढून टाकायचं. क्रम जिथे फरक पडतो तिथे लागतो.

फरक कुठे पडतो ते घेतलेल्या बायकांना विचारा, पुरुषांना नको, निदान या वस्तूच्या बाबतीत, कारण दळण त्या काढतात आणि पीठ उडालं की पुसतातही त्याच. एकीचं म्हणणं असतं की आवाज इतका आहे की फ्लॅटमध्ये दुपारी लावायची चोरी, खालचे वर येतात. दुसरी म्हणते पीठ गरम निघतं. तिसरीची भाकरी थापताना तुटते, आणि तिला वाटतं घरघंटी खराब आहे, खरं तर पीठ जास्त दिवस ठेवलं की त्याची विरी (चिकटपणा) जाते, थोडं थोडं दळलं तर हा प्रश्न राहतच नाही आणि घरघंटी घेण्याचं सगळ्यात मोठं कारणच हे आहे. चौथी गावात राहते, तिच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि मोटर नुसती घुंई करत बसते. पाचवीला हळद आणि मिरची दळायची आहे, आणि ती दळली की पुढच्या गव्हाला रंग आणि वास लागतो, म्हणून आतून साफ करायला किती सोपी हे तिला सगळ्यात महत्त्वाचं. आणि सगळ्यात शेवटी, पण माझ्या मते सगळ्यात वर, बिघडली तर तालुक्याच्या गावाला माणूस येतो का. पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्याला हा निकष सुचतच नाही, आणि मराठी वाचकांतला मोठा भाग तिथे राहत नाही.

बघा, निकष आपोआप आले: आवाज, पिठाचा पोत (ज्वारी-बाजरी वेगळी, गहू वेगळा, डाळ-भाजणी वेगळी), साफसफाई, कमी व्होल्टेज, सर्व्हिस. आता याला वजन द्या. आणि इथे एक गोष्ट करा जी फार थोडे करतात: वजन कसं दिलंत ते लेखात लिहून टाका. 'मी सर्व्हिसला सगळ्यात जास्त महत्त्व दिलं, मग ज्वारीच्या पिठाला, मग आवाजाला. तुम्ही मोठ्या शहरात राहत असाल आणि गहूच जास्त दळत असाल तर माझी तीन नंबरची तुमच्यासाठी एक नंबर आहे.' एवढ्या दोन-तीन वाक्यांनी लेखाची लायकीच बदलते. जुन्या भांड्याच्या दुकानात मालक आधी विचारायचा ना, 'वहिनी, माणसं किती घरात?' आणि मगच कुकर खाली काढायचा, तसं.

एका नोंदीत काय काय हवं त्याचा नमुना देतो, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. असं काहीतरी: 'दोन नंबर, अमुक मॉडेल. चार-पाच माणसांच्या घराला आणि रोज भाकरी असणाऱ्यांना ही घ्या. ज्वारी पहिल्याच खेपेला बारीक निघाली, बाजरी जरा जाड वाटली म्हणून जाळी बदलली. हळकुंडं आधी खलबत्त्यात फोडून घ्यावी लागतात, अख्खी टाकू नका. आवाज मिक्सरपेक्षा कमी, पण बराच वेळ चालू राहतो हे लक्षात घ्या. एक नंबर दिला नाही कारण पिठाचा डबा बाहेर काढताना कडेने पीठ सांडतं आणि खालचा पंखा साफ करायला दोन स्क्रू काढावे लागतात. शेंगदाणे-तीळ यात अजिबात घालू नका, तेल सुटून जाळी बंद होते.' यात 'एक नंबर का नाही' हे वाक्य आहे, त्याच्याशिवाय नोंद पुरी होत नाही. पहिल्या नंबरच्या नोंदीतही 'कुणी घेऊ नये' हे हवंच. दोष लिहिले की विक्री कमी होईल ही भीती सगळ्यांना असते, मी उलटं होताना बघितलंय: दोष वाचून लोक बाकीच्यावर विश्वास ठेवतात, आणि ज्यांना तो दोष चालणार नाही ते निघून जातात, म्हणजे वस्तू परत करणारे आणि तुम्हाला शिव्या घालणारे कमी होतात.

फोटो स्वतःचे काढा. पिठाचा चिमटीत धरलेला फोटो, दोन जाळ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. मोबाइलने काढलेला चालतो. कंपनीच्या पांढऱ्या बॅकग्राउंडवाल्या दहा फोटोंपेक्षा असा एक फोटो जास्त बोलतो.

आता पैशाचा विषय, आणि इथे मी जरा कडक आहे. क्रम लावून झाला की मग अफिलिएट लिंक शोधायची. आधी कमिशन बघून मग क्रम लावायचा नाही. माझ्या ओळखीच्या एका साइटला एका कंपनीची सरळ मेल आली होती, तुमच्या यादीत आम्हाला दोन नंबरला घ्या, अमुक इतके देतो, पहिला नंबर नको कारण तो जाहिरातीसारखा वाटतो. असे लोक येतात, थोडे वाचक झाले की येतातच. नाही म्हणायचं. ज्या दिवशी क्रम विकला त्या दिवशी तुमच्याकडे विकण्यासारखं होतं ते संपलं, कारण वाचक तुमच्याकडे तेवढ्यासाठीच येतो.

आणि कायद्याचंही बघा, हे मराठी ब्लॉगवाल्यांनी अगदी हलक्यात घेतलंय. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या आस्की या संस्थेच्या इन्फ्लुएन्सर्ससाठीच्या गाइडलाइन्स जून २०२१ पासून लागू आहेत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पैसे, फुकट वस्तू, भेट, सवलत, काहीही मिळालं असेल तर ते ठळकपणे सांगा असं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला १० लाखांपर्यंत दंड आहे आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. म्हणून लेखाच्या अगदी वर, तळाशी बारीक अक्षरात नाही, स्वच्छ मराठीत लिहा: 'खालच्या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुमची किंमत वाढत नाही. क्रम मी आधी लावला, लिंका नंतर टाकल्या.' लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' हा टॅग लावा, गूगलने तो सप्टेंबर २०१९ पासून दिलेला आहे. अ‍ॅमेझॉनचा अफिलिएट असाल तर किमती हाताने टाइप करून ठेवू नका आणि तिथले ग्राहकांचे रिव्ह्यू कॉपी करू नका, त्यांच्या नियमात दोन्ही बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. किमतीऐवजी 'पंधरा हजारांच्या आतली', 'वीसच्या वरची' असे ढोबळ गट केले तर वाचकाचं काम भागतं.

निकष उघड केले की लोक भांडतील अशी भीती वाटते काहींना. भांडू द्या की! एनआयआरएफ बघा, केंद्र सरकारची उच्च शिक्षणसंस्थांची क्रमवारी, २०१६ पासून येते. त्यांनी पाच मुख्य निकष आणि प्रत्येकाचं वजन जाहीर केलेलं आहे: शिकवणं आणि साधनं, संशोधन, निकाल आणि नोकऱ्या, सर्वसमावेशकता, आणि लोकांचं मत. दरवर्षी त्यावर टीका होते, त्यातल्या लोकांच्या मताच्या निकषावर तर फार होते, पण अ‍ॅडमिशनच्या सीझनमध्ये पेपर उघडा, कॉलेजच्या जाहिरातीत तोच नंबर ठळक छापलेला असतो. निकष दिसतात म्हणून टीका करता येते आणि निकष दिसतात म्हणूनच दाखलाही दिला जातो. बॅकलिंक म्हणतात ती हीच, तुमच्या यादीचा कोणीतरी आपल्या लेखात दाखला देणं. ज्या यादीत स्वतःची अशी मोजणी किंवा तपासणी नाही तिला कशाला कोण लिंक देईल.

प्रत्येक विषयाला नंबर लावायचा हट्ट मात्र नको. गड-किल्ल्यांवर लिहिणारी मंडळी 'महाराष्ट्रातले टॉप १० किल्ले' लिहितात, आणि मला तिथे प्रश्न पडतो की रायगड आणि सिंधुदुर्ग यांत वर-खाली कसं करायचं, कशावर? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. त्यांनीही नंबर लावलेले नाहीत, सगळे मिळून एकच नोंद आहे. तिथे यादी द्या, नंबर नका देऊ. पण 'पुण्याहून एसटी-लोकलने एका दिवसात होणारे किल्ले, सोप्यापासून अवघडापर्यंत' असं म्हटलंत की लगेच क्रमाला अर्थ येतो, मळवलीला लोकलने उतरून लोहगड आधी, दोर न लावता पण दम काढणारे नंतर, लहान मुलं घेऊन जाणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं. म्हणजे आधी प्रश्न नेमका करायचा मग नंबर. डॉक्टर, औषधं, आजार यांवर तर क्रमवारी करूच नका, तो आपला प्रांत नाही.

एजन्सी आणि कंपन्यांची एक जुनी खोड आहे तिच्याबद्दलही लिहितो, कारण पुढेमागे तुम्हालाही कोणीतरी हे सुचवेल. 'पुण्यातल्या टॉप १० अमुक कंपन्या' असा लेख स्वतःच्याच साइटवर लिहायचा आणि पहिल्या नंबरला स्वतःला बसवायचं. त्याने काही काळ रँक मिळते, एआयच्या उत्तरांतही नाव येतं, त्यामुळे सध्या तर पेवच फुटलंय. मला ते पटत नाही, मी क्लायंटला करू देत नाही. करायचंच असेल तर स्वतःला क्रमाबाहेर ठेवा, वरती सांगा की हे आमचं क्षेत्र आहे, आम्ही यादीत नाही, आणि बाकीच्यांची खरी तुलना लिहा. तुमच्या गावात घरघंटी दुरुस्त करणारा एखादा माणूस असेल तर त्याच्यासाठी सगळ्यात चांगलं मार्केटिंग हे की दुसऱ्याच्या प्रामाणिक यादीत त्याचं नाव यावं, आणि ते तुम्ही करू शकता, जिल्हावार दुरुस्तीवाल्यांची यादी, त्यांना विचारून, नंबर न लावता. असला लेख मराठीत क्वचितच दिसतो.

तांत्रिक गोष्टी पटापट सांगतो, यात फार अडकू नका.

यूआरएल, म्हणजे लेखाच्या पानाचा पत्ता, इंग्रजी अक्षरांत आणि आखूड ठेवा. देवनागरी यूआरएल ब्राउजरमध्ये छान दिसते पण व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट केली की टक्क्यांच्या चिन्हांची हातभर लांब शेपटी होते आणि लोक ती लिंक बघून घाबरतात. यूआरएलमध्ये आकडा आणि वर्ष टाकू नका, आज चार आहेत उद्या पाच होतील. शीर्षकात वर्ष टाकायला हरकत नाही पण मग खरंच त्या वर्षी लेख तपासा, जानेवारीत नुसता आकडा बदलून ठेवणं ही वाचकाची फसवणूक आहे. लेखाच्या शेवटी 'या वेळी काय बदललं' अशी दोन ओळींची नोंद ठेवा, तीन नंबरचं मॉडेल बंद झालं म्हणून काढलं, वगैरे.

लोक एकच गोष्ट तीन प्रकारे शोधतात: देवनागरीत 'घरघंटी कोणती घ्यावी', तेच इंग्रजी अक्षरांत, आणि हिंदी-इंग्रजी मिसळून 'बेस्ट आटा चक्की फॉर होम'. तिन्हीसाठी तीन लेख करू नका. एकाच लेखात ओघात 'आटा चक्की', 'घरगुती पिठाची गिरणी' हे शब्द येऊ द्या. मग महिना-दोन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) त्या पानाच्या क्वेरीज, म्हणजे लोकांनी काय शोधलं ते, बघा. जिथे इम्प्रेशन्स (लेख शोधात किती वेळा दिसला) भरपूर आणि क्लिक्स नाहीत ती क्वेरी वाचा, बहुतेक वेळा लोक काहीतरी असं विचारत असतात जे लेखात नाहीच, उदाहरणार्थ हळद दळता येते का. ते लेखात घाला.

पहिला नंबर वर. यूट्यूबवर दहापासून एककडे उलटी मोजणी चालते कारण तिथे माणसाला शेवटपर्यंत बसवायचं असतं, लेखात तसं केलं की वाचक चिडतो आणि स्क्रोल करून खाली जातो. लेख उघडल्या उघडल्या तीन ओळींत निकाल देऊन टाका: सगळ्यांसाठी ही, लहान घरासाठी ही, गावाकडे ही. मग छोटा तक्ता, मोबाइलवर आडवा सरकवावा लागणार नाही एवढाच, तीन-चार रकाने. मग सविस्तर.

आणि ही यादी एकटी सोडू नका. प्रत्येक नोंदीतून त्या मॉडेलच्या पूर्ण अनुभवाच्या लेखाला लिंक, आणि 'घरघंटी साफ कशी करायची', 'भाजणीसाठी जाळी कुठली' या लेखांतून परत यादीकडे लिंक. याद्यांना वाचक मिळतात ते या बाजूच्या लेखांतून. नुसत्या याद्याच याद्या असलेला ब्लॉग दुकानाच्या कॅटलॉगसारखा दिसतो, माणूस एकदा येतो आणि परत येत नाही. माझा अंदाज विचाराल तर चार-पाच अनुभवाच्या, कृतीच्या, दुरुस्तीच्या लेखांमागे एक क्रमवारी, याच्या पुढे जाऊ नका.

तुमच्या बाबतीत आत्ता काय करायचं ते सांगतो. मिक्सरचा लेख सोडा, तिथे मोठमोठ्या साइट्स बसल्यात आणि तुम्ही पाच मिक्सर वापरलेले नाहीत. घरघंटी घ्या. तुमच्याकडे एक आहे, बहिणीकडे, शेजारी, माहेरी मिळून आणखी दोन-तीन वेगळ्या कंपन्यांच्या सापडतील. एक किलो ज्वारी, एक किलो बाजरी आणि अर्धा किलो हरभऱ्याची डाळ घेऊन प्रत्येकीकडे जा, एकाच पोत्यातलं धान्य न्या म्हणजे तुलना खरी होईल. वेळ लावा, पीठ चाळून किती कोंडा उरतो ते बघा, त्याच पिठाची भाकरी थापून बघा, आवाज शेजारच्या खोलीत उभं राहून ऐका, साफ करायला किती वेळ गेला ते लिहून ठेवा. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तुमच्या तालुक्यासाठी सर्व्हिसचा माणूस कुठून येतो ते विचारा आणि जे उत्तर मिळेल ते तसंच लिहा. दिवाळीच्या दीड-दोन महिने आधी लेख टाका, गूगलला तो ओळखायला तेवढा वेळ लागतोच. आणि शीर्षक 'टॉप १०' नको, 'चार घरघंट्यांवर एकच ज्वारी दळून बघितली: कोणती घ्यावी' असं ठेवा.